बिओन्दी-सान्तीची ब्रुनेल्लो: निवडण्यापासून उघडण्यापर्यंत

इटलीतली एखादी नामांकित रेड वाइन घ्यायची ठरली की बहुतेक जण आधी किंमत बघतात, मग साल, मग कुणा समीक्षकाने दिलेले गुण. बिओन्दी-सान्ती घराण्याच्या ब्रुनेल्लो या रेड वाइनच्या बाबतीत मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायला सांगेन. बाटली घरी आल्यावर ती कुठे ठेवणार आणि किती वर्षं ठेवणार, हे आधी ठरवा. ही वाइन वाट बघण्यासाठीच बनवलेली आहे. कोवळ्या वयात ती आंबट लागते, तुरट लागते आणि रंगानेही फिकी दिसते. भरपूर पैसे मोजून आणलेली बाटली तिसऱ्याच आठवड्यात उघडणारा माणूस ‘यात एवढं काय आहे?’ असं विचारतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

म्हणून या लेखात आधी ही वाइन अशी का आहे ते सांगतो. मग कोणती बाटली घ्यायची, कुठल्या सालाची, विकत घेताना काय तपासायचं, भारतात आणून कशी सांभाळायची आणि शेवटी कशी उघडायची, ते क्रमाने येईल. उघडण्याची रीत मात्र नीट वाचा. या मळ्याची स्वतःची एक पद्धत आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो.

टेकडी आणि घराणं

मोन्ताल्चिनो हे तोस्काना म्हणजे टस्कनी प्रांतातलं, सिएनाच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवरचं गाव. ते साडेपाचशे मीटरहून उंच टेकडीवर वसलं आहे. दक्षिणेकडे मोन्ते आमियाता हा १,७३८ मीटर उंचीचा विझलेला ज्वालामुखी आहे आणि गारपिटीचा, वादळांचा बराच मारा तो आपल्या अंगावर घेतो. गावाबाहेर थोडं पुढे गेलं की सरूच्या झाडांची दुतर्फा रांग लागते आणि तिच्या टोकाला बिओन्दी-सान्ती घराण्याचा मळा, इल ग्रेप्पो. इथल्या मुख्य बागा चारशे ते पाचशे मीटर उंचीवर आहेत. माती म्हणायची ती, पण खरं तर गालेस्त्रो नावाचा ठिसूळ, पापुद्रे सुटणारा दगड. दिवसा ऊन कडक, रात्री गारवा. त्यामुळे मणी सावकाश पिकतात आणि त्यांच्यातलं आम्ल शेवटपर्यंत टिकतं. त्याच मोन्ताल्चिनोत टेकडीच्या दक्षिण पायथ्याकडे गेलात तर वाइन जास्त गोलसर, जास्त अल्कोहोलची आणि लवकर पिण्याजोगी होते. ग्रेप्पोचा धारदार आंबटपणा हा मुळात उंचीचा परिणाम आहे.

घराण्याची गोष्ट क्लेमेन्ते सान्ती यांच्यापासून सुरू होते. शिक्षणाने ते औषधशास्त्राचे. त्यांच्या १८६५ सालच्या निवडक लाल वाइनला १८६९ मध्ये मोन्तेपुल्चानोच्या कृषी प्रदर्शनात बक्षीस मिळालं. त्यांच्या मुलीचं लग्न फ्लोरेन्सच्या बिओन्दी कुटुंबात झालं आणि नातू फेर्रुच्चो यांनी आजोळचं आडनाव आपल्या आडनावाला जोडलं. तरुणपणी हे फेर्रुच्चो गारिबाल्दीच्या सैन्यात लढून आले होते. परतल्यावर त्यांनी बागेत जे केलं, ते आजही मोन्ताल्चिनोत पाळलं जातं.

त्या काळी तोस्कानात लाल वाइन लवकर प्यायची चीज होती. सांजोवेझे द्राक्षात कानायोलो मिसळायचं, चव मऊ व्हावी म्हणून माल्वाझियासारखी पांढरी द्राक्षंही घालायची आणि वर्षभरात संपवायची. त्यात भुरी हा बुरशीचा रोग आणि फायलोक्सेरा ही मुळांना लागणारी कीड या दोन संकटांनी युरोपातल्या बागा उद्ध्वस्त होत होत्या. फेर्रुच्चो यांनी आपल्या बागेतल्या सांजोवेझेच्या निवडक, सशक्त वेली हेरल्या, त्यांची कलमं केली आणि इतर द्राक्षं सोडून देऊन एकाच जातीची वाइन मोठ्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवली. १८८८ ची बाटली ही आजच्या अर्थाने पहिली ब्रुनेल्लो मानली जाते. डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधून बाग उभी करणाऱ्या आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला या कामातली चिकाटी वेगळी समजावून सांगायला नको.

फेर्रुच्चो यांचे चिरंजीव तांक्रेदी यांनी हे घराणं जगापुढे आणलं. दुसऱ्या महायुद्धात आघाडी तोस्कानातून सरकत होती, तेव्हा त्यांनी जुन्या रिझेर्वाच्या, म्हणजे निवडक सालांच्या खास वाइनच्या, बाटल्या तळघरात भिंत बांधून तिच्यामागे दडवल्या. १८८८ आणि १८९१ च्या काही बाटल्या त्यामुळे वाचल्या. नंतर १९७० पासून फ्रांको बिओन्दी सान्ती यांनी सूत्रं हाती घेतली आणि २०१३ मध्ये वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी निधन होईपर्यंत ते पद्धत बदलायला तयार झाले नाहीत. १९९० च्या दशकात छोट्या नव्या फ्रेंच पिंपांची, गडद रंगाच्या जाडजूड वाइनची लाट आली. शेजारपाजारच्यांनी कास धरली, ग्रेप्पोने धरली नाही. २००८ मध्ये मोन्ताल्चिनोतल्या काही उत्पादकांवर ब्रुनेल्लोत दुसरी द्राक्षं मिसळल्याच्या संशयावरून चौकशी झाली, तेव्हा ‘शंभर टक्के सांजोवेझे’ या नियमाच्या बाजूने सर्वांत ठाम उभ्या राहिलेल्यांत फ्रांको होते. त्यांच्याच काळात, १९७० च्या दशकात, फ्लोरेन्स विद्यापीठाबरोबर काम करून या बागेतला सांजोवेझेचा एक क्लोन, म्हणजे एकाच वेलीच्या कलमांपासून वाढवलेला वाण, वेगळा काढण्यात आला. त्याचं नाव बीबीएस-११, म्हणजे ब्रुनेल्लो बिओन्दी-सान्ती, ११ नंबरची वेल.

२०१६-१७ च्या सुमारास मळ्याची मालकी ईपीआय या फ्रेंच समूहाकडे गेली. पायपर-हाइडसिक आणि शार्ल हाइडसिक ही शॅम्पेनची घरं त्यांचीच. जुन्या चाहत्यांना तेव्हा धाकधूक होती. माझ्या मते ती बरीचशी अनाठायी ठरली. मोठी पिंपं गेली नाहीत, फिका रंग गेला नाही, उलट बाटल्या बाजारात आणण्याची घाई आणखी कमी झाली.

तीन बाटल्या, तीन वेळापत्रकं

ग्रेप्पोच्या तीन वाइन आहेत आणि तिन्ही सांजोवेझेच्याच. फरक मुख्यतः वेलीच्या वयाचा. घराण्याची रीत अशी की दहा वर्षांखालच्या वेलींची द्राक्षं ‘रोस्सो’ म्हणजे लवकर पिण्याच्या साध्या लाल वाइनसाठी, दहा ते पंचवीस वर्षांच्या वेलींची ‘अन्नाता’ म्हणजे नेहमीच्या ब्रुनेल्लोसाठी आणि पंचवीस वर्षांहून जुन्या वेलींची रिझेर्वासाठी. जुनी वेल घड कमी देते, मुळं खोल गेलेली असतात, आणि मण्यांत रस कमी पण अर्क जास्त असतो.

कायदा काय सांगतो तेही माहीत असावं. ब्रुनेल्लोला १९६६ मध्ये डीओसी हा मूळस्थानाचा दर्जा आणि १९८० मध्ये डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. हा दर्जा मिळवणाऱ्या पहिल्या मोजक्या वाइनमध्ये ती होती. किमान दोन वर्षं लाकडात आणि चार महिने बाटलीत काढल्याशिवाय ती विकता येत नाही, आणि काढणीनंतरचं पाचवं वर्ष उजाडल्याशिवाय बाजारात येत नाही. रिझेर्वाला बाटलीत सहा महिने लागतात आणि सहावं वर्ष. बिओन्दी-सान्ती या किमान मुदतीवर थांबत नाहीत. २०१२ ची रिझेर्वा २०२० मध्ये बाहेर आली, यावरून अंदाज येईल. मुरवण्यासाठी वापरतात ती स्लाव्होनियन ओकची मोठी, जुनी पिंपं. त्यांतून व्हॅनिलाचा किंवा भाजक्या लाकडाचा वास उतरत नाही. फक्त हवा अगदी हळू झिरपते.

आता निवड. पहिल्यांदाच घेत असाल तर रोस्सो घ्या. किंमत साधारण अन्नाताच्या निम्म्यावर, आणि घराण्याची शैली त्यात स्पष्ट कळते: फिका माणकासारखा रंग, आंबट चेरी, जिभेच्या कडांना लाळ सुटेल असं आम्ल. तीन ते आठ वर्षांत ती मजेत पिता येते. अन्नाता ही खरी ओळख, पण तिला काढणीपासून दहा वर्षं तरी द्या. पंधरा दिलीत तर उत्तम. रिझेर्वा वीस वर्षांच्या आत उघडणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे, आणि घरात नीट थंड जागा नसेल तर ती घेऊच नका. सल्ला रुक्ष वाटेल, पण एका रिझेर्वाच्या पैशांत तीन अन्नाता येतात. त्या पाच-पाच वर्षांच्या अंतराने उघडल्या तर माणूस वाइनबद्दल जे शिकतो, ते एकट्या रिझेर्वातून शिकत नाही.

आणि एक स्वस्तातली पायरी याही आधीची. सांजोवेझे कधी प्यायलीच नसेल, तर सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची फ्रातेल्लीची सांजोवेझे आधी घ्या. ती कंपनी इटालियन भागीदारांबरोबर उभी राहिली आणि वाइनमेकर पिएरो मासी तोस्कानाचेच. ऊन वेगळं, माती वेगळी, त्यामुळे चव ग्रेप्पोची नसणार हे उघड आहे. पण या द्राक्षाचा तुरटपणा आणि चेरीची छटा आपल्याला मुळात आवडते का, एवढं त्यातून समजतं. नाही आवडली, तर पुढचा सगळा खर्च वाचला.

साल कसं निवडायचं

या घराण्याने पहिल्या ५७ वर्षांत फक्त चार सालांना रिझेर्वा म्हटलं: १८८८, १८९१, १९२५ आणि १९४५. पुढे हे प्रमाण वाढलं, तरी वाईट वर्षी रिझेर्वा नाहीच, हा शिरस्ता राहिला. म्हणजे रिझेर्वा घेताना सालाची निम्मी निवड मळ्यानेच करून ठेवलेली असते.

सर्वांत प्रसिद्ध साल १९५५. एप्रिल १९६९ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष सारागात लंडनला गेले होते, तेव्हा इटालियन वकिलातीत राणी एलिझाबेथ यांच्यासाठी दिलेल्या मेजवानीत ही रिझेर्वा वाढली गेली, आणि एका रात्रीत ब्रुनेल्लोचं नाव इटलीबाहेर पोचलं. १९९९ मध्ये ‘वाइन स्पेक्टेटर’ मासिकाने विसाव्या शतकातल्या बारा सर्वोत्तम वाइन निवडल्या, त्यांत इटलीची ही एकटीच होती.

आपल्या आवाक्यातल्या सालांचं बोलायचं तर संपूर्ण मोन्ताल्चिनोसाठी २०१०, २०१५, २०१६ आणि २०१९ ही उत्कृष्ट वर्षं मानली जातात. थोडी जुनी हवी असतील तर २००१, २००४, २००६. यातही फरक आहे. २०१५ उबदार साल, लवकर खुलणारं. २०१६ आणि २०१० ताठ कण्याची, लांब पल्ल्याची. पुढची दहा वर्षं थांबायची तयारी नसेल तर २०१५ घ्या. २००२ आणि २०१४ पावसाने बिघडवली, २००३ आणि २०१७ मध्ये उष्णता व दुष्काळाने वेली होरपळल्या. पण ग्रेप्पोची उंची अशा तापलेल्या वर्षी कामी येते. खालच्या बागांतली वाइन जिथे शिजल्यासारखी लागते, तिथे इथली तग धरते. तेव्हा केवळ तक्ता पाहून ‘२०१७ नको’ असं म्हणू नका. उलट अशा सालाची अन्नाता लवकर पिण्यासाठी बरी पडते.

२०१३ कडे फार लोकांचं लक्ष जात नाही. थंड साल, उशिराची काढणी. मला हीच जातिवंत बिओन्दी-सान्ती वाटते आणि मोठ्या नावाच्या सालांएवढी तिची मागणीही नसते.

विकत घेताना काय बघायचं

बाटलीच्या मानेवर डीओसीजीची सरकारी पट्टी असते. इटलीची सरकारी टांकसाळ ती छापते आणि तिच्यावर अनुक्रमांक असतो. नवी बाटली घेताना ही पट्टी अखंड हवी. लेबलवर ‘ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो’, साल, ‘बिओन्दी-सान्ती’ आणि ‘तेनुता ग्रेप्पो’ हे सगळं हवं. नुसतं बिओन्दी-सान्ती हे नाव बघून पैसे देऊ नका. याच कुटुंबाशी संबंधित दुसऱ्या मळ्यांच्या, वेगळ्या नावांच्या वाइनही बाजारात आहेत. त्या वाईट आहेत असं नाही, पण त्या ग्रेप्पोच्या नाहीत.

जुनी बाटली घेताना मात्र लेबलपेक्षा वाइनची पातळी महत्त्वाची. बाटली उभी धरून उजेडात बघा. वीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या बुडाशी असेल तर ठीक. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बूच गळलं आहे किंवा बाटली उष्णतेत राहिली आहे. बुचावरचं आवरण फुगलेलं, चिकट, कडेने वाइन सुकल्याचे डाग असलेलं, तर हात लावू नका, सवलत कितीही असो. विक्रेत्याला थेट विचारा: ही आधी कुणाकडे होती, कुठे ठेवलेली होती, लिलावातून आली का? ‘इटलीतल्या एका जुन्या संग्रहातून’ एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे.

इथे या घराण्याचा एक खास प्रकार सांगायला हवा. त्याला रिकोल्मातुरा म्हणतात. दशकं उलटली की बुचातून थोडी वाइन उडून जाते आणि बाटलीत हवा वाढते. तांक्रेदी यांनी १९२७ मध्ये जुन्या रिझेर्वाच्या बाटल्या उघडून, त्याच सालाच्या दुसऱ्या बाटलीतून त्या पुन्हा भरून, नवी बुचं लावण्याची रीत सुरू केली. फ्रांको यांच्या काळात तर ग्राहक आपल्या जुन्या बाटल्या घेऊन ग्रेप्पोला येत. वाइन आधी चाखली जाई, चांगली असेल तरच भरून बूच बदललं जाई आणि तसं प्रमाणपत्र मिळे. त्यामुळे १९६० च्या दशकातली बाटली अगदी काठोकाठ भरलेली दिसली तर दोन शक्यता असतात: एक तर ती मळ्यावर अशी भरून आलेली आहे, नाहीतर काहीतरी गडबड आहे. पहिली असेल तर विक्रेत्याकडे कागद असेल. कागद मागा.

किमतीबद्दल थोडक्यात. युरोपात चालू सालाची अन्नाता शंभर-दीडशे युरोंच्या वर आणि रिझेर्वा त्याच्या काही पट. आपल्याकडे आयात वाइनवरचं सीमाशुल्क वर्षानुवर्षं एकूण १५० टक्के राहिलं, त्यावर राज्याचे कर आणि हॉटेलचा नफा. मग मेन्यूवरचा आकडा बघून डोळे फिरतात. म्हणून बहुतेक मराठी वाचक ही बाटली परदेशातूनच आणणार, किंवा परदेशात असतील तर तिथेच पिणार.

घरी आणणं आणि सांभाळणं

भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात. तिसरी घेतलीत की सव्वादोन लिटर होतात आणि लाल मार्गिकेकडे जावं लागतं. मळ्यावरून किंवा गावातून घेतलेल्या बाटल्या केबिनच्या बॅगेत चालत नाहीत, चेक-इनच्या बॅगेतच जातात. प्रत्येक बाटली प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून जाड कपड्यांत गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. प्रवासानंतर महिनाभर तरी उघडू नका. हलवाहलवीने वाइन बिथरते, असं वाइन पिणारे सर्वत्र मानतात. जुन्या बाटलीत गाळ ढवळला जातो हे तर दिसतंच.

आता ज्या प्रश्नापासून सुरुवात केली तो. ठेवायची कुठे? लागतात चार गोष्टी: १२ ते १४ अंश कायम तापमान, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अंधार आणि हादरे नसलेली जागा. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या घरातल्या बैठकीच्या खोलीतलं शोभेचं कपाट यांपैकी एकाही अटीत बसत नाही. तीस-पस्तीस अंशांत दोन उन्हाळे काढलेली ब्रुनेल्लो उकडलेल्या फळासारखी लागते, आणि जे आम्ल व सुगंध टिकावेत म्हणून मळ्याने सात-आठ वर्षं राखण केली ते तुमच्या घरी निघून जातात.

स्वयंपाकघरातला फ्रिज काही आठवड्यांपुरता चालेल, वर्षांसाठी नाही. तो फार थंड असतो, हवा कोरडी करतो आणि त्याचा कॉम्प्रेसर सतत थरथरतो. बूच सुकतं. दहा वर्षं ठेवायची असेल तर वाइनसाठीचं छोटं शीतकपाट हाच उपाय. त्याचा खर्च जवळपास एका रिझेर्वाएवढा येतो, आणि म्हणूनच मी म्हणतो की आधी कपाट, मग बाटली. वीज वारंवार जाते अशा गावात राहत असाल तर त्याला इन्व्हर्टर जोडा. आणि हे सगळं जमणार नसेल, तर नव्या सालाची बाटली घेण्याऐवजी विश्वासू विक्रेत्याकडून आधीच पंधरा-वीस वर्षं मुरलेली अन्नाता घ्या आणि दोन-तीन महिन्यांत प्या. जास्त पैसे लागतील. ते दुसऱ्याने सांभाळल्याचे पैसे आहेत.

उघडण्याची रीत

दोन दिवस आधी बाटली उभी करा. आडव्या बाटलीच्या कुशीत साचलेला गाळ तळाशी बसायला तेवढा वेळ लागतो.

नंतरची पायरी ग्रेप्पोची. रेड वाइन म्हटलं की आपल्याला काचेच्या रुंद भांड्यात ओतण्याची सवय असते. फ्रांको याच्या विरोधात होते. त्यांचं म्हणणं असं की पन्नास वर्षं बंद राहिलेल्या वाइनवर एकदम हवेचा मारा करू नये. त्यांची पद्धत: जेवणाच्या साधारण आठ तास आधी बूच काढायचं आणि बाटली खांद्यापर्यंत येईल एवढी थोडी वाइन ओतून घ्यायची. बाटली भरलेली असते तेव्हा मानेत हवेला भिडणारा वाइनचा पृष्ठभाग रुपयाच्या नाण्याहून लहान असतो. पातळी खांद्यावर आली की तोच कितीतरी पटींनी रुंदावतो. मग बाटली तशीच उघडी, न हलवता ठेवायची. हवा जाते, पण सावकाश.

हे तोस्कानातल्या गार तळघराला ठीक. आपल्याकडे आठ तास ३० अंशांत उघडी ठेवलीत तर सगळा सुगंध उडून जाईल. त्यासाठी बाटली शीतकपाटात किंवा २० अंशांवर वातानुकूलन चालू असलेल्या खोलीत ठेवा. वाढायच्या आधी तापमान १७-१८ अंश हवं. खोलीतली असेल तर वीस मिनिटं फ्रिजमध्ये, कपाटातली असेल तर अर्धा तास बाहेर.

ओतून घेतलेला घोटभर भाग टाकू नका. तो लगेच चाखा आणि दर दोन तासांनी बाटलीतला एक-एक घोट घेत जा. पहिल्या तासाला जे फक्त आंबट आणि कडक वाटतं, ते सहाव्या तासाला संत्र्याच्या सालीसारखं, सुक्या गुलाबासारखं, चहाच्या पत्तीसारखं वास देऊ लागतं. बदलणं थांबलं की वाढायची वेळ झाली.

चाळीस-पन्नास वर्षांच्या बाटलीला मात्र आठ तासांचा हिशेब आंधळेपणाने लावू नका. उघडताच चाखा. जिवंत वाटली पण मिटलेली असेल तर थांबा. खुललेली आणि नाजूक असेल तर तासाभरात पिऊन घ्या. अशा बाटलीचं बूच भुसभुशीत झालेलं असतं आणि मळसूत्राने त्याचा चुरा होतो. दोन पातळ पात्यांचं बूचकाढणं मिळतं ते वापरा. पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवायची आणि पिळत-पिळत वर ओढायचं. घाई केलीत तर बूच आत पडेल. पडलंच, तर स्वच्छ मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्या, काही बिघडत नाही.

पेला मोठ्या, गोल पोटाचा आणि पातळ काठाचा. एक तृतीयांशाच्या वर भरू नका.

चाखताना आणि जेवताना

रंग बघून निराश होऊ नका. गडद जांभळी शिराझ किंवा कॅबर्ने पिणाऱ्याला ही पाणचट वाटते. सांजोवेझेच्या सालीत रंगद्रव्य मुळातच कमी, आणि मोठ्या पिंपांत ते आणखी निवळतं. पंधरा वर्षांची अन्नाता कडेला विटकरी-नारिंगी दिसते. ती म्हातारी झाली असं नव्हे. उलट बाजारातली ब्रुनेल्लो शाईसारखी काळपट दिसली तर मला शंका येते. वास घेताना पेला आधी न हलवता नाकाशी न्या, मग हलवून पुन्हा. तोंडात आधी आम्ल येतं, मग चेरी, तंबाखू, चामडं, थोडी लोखंडाची छटा, आणि शेवटी हिरड्यांवर तुरट पकड. ही पकड रेशमासारखी बारीक हवी, खरखरीत नको. घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा. या वाइनचा खरा कस तिथे लागतो.

मोन्ताल्चिनोत हिच्याबरोबर रानडुकराच्या मटणाच्या रश्श्यातले हाताने वळलेले जाड पिंची (शेवयांसारखा पास्ता) खातात, किंवा निखाऱ्यावर भाजलेला गोमांसाचा जाड काप आणि पिएन्झाचं मेंढीच्या दुधाचं मुरलेलं चीज. तत्त्व एवढंच की मांसातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनची, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या घटकाची, धार बोथट करतात. आपल्या स्वयंपाकात त्यासाठी तांबडा रस्सा नको, सावजी तर नकोच. तिखट आणि दारू मिळून तोंडाची आग होते आणि वाइनमधलं फळ हरवतं. आलं-लसूण, मिरी आणि जायफळावर मंद शिजवलेलं मटण, लसणीच्या फोडणीचे मशरूम, तुपात परतलेली कलेजी, यांच्याशी जमतं. मांस खात नसाल तर मुरलेलं चीज आणि भाजलेली वांगी. चिंच आणि गूळ दोन्ही टाळा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

ग्रेप्पोला आधी वेळ ठरवल्याशिवाय प्रवेश नाही. मळ्याच्या संकेतस्थळावरून महिनाभर आधी विचारणा करा. सिएनाहून मोन्ताल्चिनोला बस जाते. रेल्वेने यायचं तर बुओनकोन्वेन्तो स्थानकावर उतरून तिथून बस. स्वतः गाडी चालवणार असाल तर इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे हे लक्षात ठेवा आणि चाखलेली वाइन थुंका. सगळे थुंकतात, त्यात उद्धटपणा नाही. ऑगस्टमध्ये जाऊ नका: ऊन, गर्दी, आणि अर्धी इटली सुट्टीवर. सप्टेंबरच्या उत्तरार्धात काढणी चालते, पण तेव्हा मळ्यातल्या लोकांना तुमच्याशी बोलायला सवड नसते. मे किंवा ऑक्टोबरचा शेवट बरा.

गावात १३६१ मध्ये बांधलेला किल्ला आहे. १५५५ मध्ये सिएना पडल्यावर तिथल्या प्रजासत्ताकाचे लोक इथे येऊन चार वर्षं तग धरून राहिले होते. किल्ल्याच्या आतच वाइनचं दुकान आहे आणि तिथे वेगवेगळ्या मळ्यांची ब्रुनेल्लो पेल्याने मिळते. ग्रेप्पोला जाण्याआधी इथे दक्षिण पायथ्याकडच्या एखाद्या मळ्याचा एक पेला घ्या. नंतर बिओन्दी-सान्ती प्यायल्यावर उंचीचा फरक न सांगता कळेल. जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर १९९२ पासून दर सालासाठी एक नक्षीदार फरशी बसवलेली आहे, तीही बघा.

उरलेल्या वाइनचं

एक बाटली पाच-सहा जणांना पुरते. दोघंच असाल तर उरेल. बूच उलटं न करता तेच परत लावा आणि बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवा. दहा-पंधरा वर्षांची अन्नाता दुसऱ्या दिवशी अनेकदा पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते. तिसऱ्या दिवसापर्यंत संपवा. रोस्सो दोन दिवस. जुनी रिझेर्वा मात्र त्याच रात्री संपवायची, उरवायची नाही. तळाचा बोटभर गाळ पेल्यात ओतू नका. तो कडवट असतो, पण मटणाच्या रश्श्यात घातला तर चालतो.